विद्यार्थी वृंदगानाने तालमी रसिकांपुढे उघड्या कराव्यात का?

खर्जवाला
आपल्या वृंदगानाला रसिक आठवतात ते दोनदाच: तिकिटं खपवायची असतात तेव्हा आणि दौऱ्यासाठी देणगी हवी असते तेव्हा. एरवी आपण गप्प. माझं म्हणणं, दर महिन्याला त्यांना तालमीची खबरबात कळवावी. नुसते हसरे फोटो नकोत. नवी रचना कुठे अडली, अल्टोवाल्या (खालच्या स्वरात गाणाऱ्या मुली) सोप्रानोच्या, म्हणजे वरच्या स्वरात गाणाऱ्या मुलींच्या, सुराकडे का ओढल्या जातात, संचालक एकाच ओळीवर अर्धा अर्धा तास का अडून बसतात, हे सगळं लिहावं. सोबत दोन मिनिटांचं कच्चं ध्वनिमुद्रणही द्यावं.

मधली_रांग
लिहा हवं तेवढं, पण ध्वनिमुद्रण अजिबात नको. साथीशिवाय गाताना गट नकळत उतरतो. शेवटी पियानोवर स्वर दाबून पाहिला की कळतं, अर्धा स्वर खाली आलोय. तालमीत त्यावर हसून पुन्हा सुरुवात करता येते. बाहेर गेलेलं मुद्रण परत घेता येत नाही. त्यात आपल्याकडे आवाज फुटण्याच्या वयातली मुलं आहेत. नीट गाताना मध्येच आवाज फाटला, तर तो पोरगा पुढच्या वेळी तोंड उघडेल का?

जुना_विद्यार्थी
अमेरिकेतल्या फिस्क विद्यापीठाची ज्युबिली सिंगर्स ही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची गायक मंडळी आठवा. १८७१ मध्ये कर्जात बुडालेल्या संस्थेसाठी नऊ विद्यार्थी गात बाहेर पडले. बहुतेकांचा जन्म गुलामगिरीतला. त्यांच्या दौऱ्यांच्या पैशातून ज्युबिली हॉल उभा राहिला. लोकांनी पैसे दिले ते पांढरपेशा मैफलीच्या गाण्यांना नव्हे, या मुलांच्या आईबापांच्या भजनांना. माणूस जवळचं वाटेल त्यालाच हात देतो.

मधली_रांग
उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत! ती भजनं त्यांना पवित्र होती, परक्यांपुढे गायला ती मुलं आधी तयार नव्हती. ती आपापसात गायली जायची. बाहेर काय न्यायचं हे गाणाऱ्यांनी ठरवायचं असतं. आणि पुढचंही सांगा की. सततच्या दौऱ्यांनी मंडळी इतकी दमली की १८७८ मध्ये गटच मोडला. देणगीदारांना खूश ठेवण्याची किंमत गळ्याला मोजावी लागते.

खर्जवाला
अहो, मी महिन्याला एक पान म्हणतोय, दौरा नाही!

हिशेबनीस
दोघांनाही एकच प्रश्न: लिहिणार कोण? दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं निघून जातात आणि जाताना सगळे पत्तेही घेऊन जातात. परीक्षेच्या महिन्यात पान निघालं नाही तर चालेल, पण यादी एका ठिकाणी हवी. दुसरं म्हणजे, हयात संगीतकाराची रचना ध्वनिमुद्रित करून वाटायची तर परवानगी लागते. ‘तालीमच तर आहे’ हे कारण चालत नाही. गेल्या देणगीचं काय झालं हे तरी आधी कळवा. नव्या स्वरलिपीच्या प्रती आल्या, हेसुद्धा कुणी सांगितलेलं नाही.

खर्जवाला
परवानगीचा मुद्दा मान्य. जुन्या, हक्क संपलेल्या रचनाच घेऊ, आणि गाणाऱ्या प्रत्येकाचा, लहान असेल तर पालकांचाही, होकार असेल तरच मुद्रण देऊ. पण चुका लिहायच्याच. ‘सराव जोरात सुरू आहे’ हे वाक्य वाचायला कोण थांबतं? ‘टेनर (उंच आवाजाचे मुलगे) तिसऱ्या कडव्यात अजून घाई करतात’ असं लिहिलं, तर कार्यक्रमाच्या दिवशी लोक कान टवकारून त्या कडव्याची वाट बघतील.

मधली_रांग
टेनर चौघेच आहेत. त्यातला घाई करणारा कोण, हे पहिल्या रांगेतल्या आजीसुद्धा सांगतील.