मदत हवी आहे : पंख नसलेला तुडतुडा, कुळ कुठलं?

पाचोळ्यातला_पांडू
लोकहो, तीन दिवस डोकं खाजवतोय. पाचोळा चाळताना तांदळाच्या दाण्याहून बारीक किडा मिळाला, तपकिरी, खडबडीत, आधी भुंगेराच वाटला पण उलटा केला तर खाली सोंड. सुईने वरचा टणक पंख उचलला तर खाली उडायचा पंखच नाही, म्हणजे तुडतुड्यांचाच भाऊबंद ना? कुळ सांगा प्लीज, उद्या लेबल लावायचंय.

भातवाला
तपकिरी तुडतुडा. आखूड पंखांची मादी बुंध्याशी बसते. बांधीतलं पाणी काढा, युरिया आवरा.

पाचोळ्यातला_पांडू
अहो भात कुठून आला मध्येच? जंगलातला पाचोळा आहे.

सोंडवाले_काका
प्रौढ आहे का पिल्लू? पिल्लांनाही उडता येत नाही, पंखांच्या जागी नुसत्या फुगवट्या असतात. मागच्या नडगीच्या टोकाला मोठा हलणारा काटा असेल तर भातवाल्यांच्या तुडतुड्याचं कुळ, डेल्फासिडी. नडगीभर काट्यांच्या ओळी असतील तर सिकाडेलिडी, म्हणजे पानांवरच्या तुडतुड्यांचं कुळ, बघू. आणि गाव कुठलं ते सांगाल का?

पाचोळ्यातला_पांडू
बीचचं जंगल म्हणजे कळायला हवं होतं. नेल्सनजवळ.

भातवाला
बीचवर कसलं जंगल, सुरूचं का?

सोंडवाले_काका
समुद्राचा बीच नाही हो, झाडाचं नाव आहे. पण पांडू, न्यूझीलंड हे पहिल्याच ओळीत लिहायचं की, आणि 'बीच' तरी आधी कुठे लिहिलं होतंत! मग माझी पैज मायर्सलोपिइडीवर. पाचोळ्यात राहणारं छोटंसं कुळ, पुढचे पंख भुंगेऱ्यासारखे टणक, उडणं बंद. न्यूझीलंडमध्ये मायर्सलोपिया आणि पेमेशन या प्रजाती, चिलीत मापुचिया, बास. पूर्वी सिकाडेलिडीतच धरायचे, १९९९ मध्ये हॅमिल्टन या कीटकतज्ज्ञांनी वेगळं कुळ केलं.

काटेकोर
काका, पंख नाहीत म्हणून लगेच मायर्सलोपिइडी? युरोपात हीदर नावाच्या झुडपावरचा युलोपा बघा, तोही भुंगेऱ्यासारखा फुगीर, पण सिकाडेलिडीतला. अमेरिकेच्या वायव्येला एऱ्होमस, त्याच्या माद्या उडत नाहीत. पंख वेगवेगळ्या वंशांत वेगवेगळ्या वेळी गेलेत, नुसत्या त्यावरून कुळ ठरत नाही.

सोंडवाले_काका
नुसत्या पंखावरून कोण म्हणतंय? पाचोळा अधिक न्यूझीलंड. चालत जाणारा किडा चिलीत आणि न्यूझीलंडमध्ये दोन्हीकडे, म्हणजे गोंडवनाचीच (दक्षिणेकडचे खंड एकत्र होते तो जुना महाखंड) वाटणी.

काटेकोर
न्यूझीलंड त्यातून सुटून सुमारे ८ कोटी वर्षं झाली. वंश तितका जुना आहे हे आधी दाखवा, मग गोंडवन. ओंडक्यावर बसूनही किडे समुद्र ओलांडतात.

गच्चीबाग
माझ्या गुलाबावर पण असे उडतात, साबणाचं पाणी मारलं, दोन दिवसात गायब!

भातवाला
ताई, उडतात म्हटल्यावर हा धागाच तुमचा नाही 😄 आणि आमच्याकडचेही गर्दी झाली, रोप वाळायला लागलं की लांब पंखांचे निघतात आणि शेजारच्या शेतात जातात.

काटेकोर
हे मात्र खरं. त्यांच्यात एकाच जातीत दोन्ही रूपं. पांडूच्या किड्याला ती सोय नाही.

सोंडवाले_काका
पांडू, नडगीचा फोटो टाका बघू.

पाचोळ्यातला_पांडू
टाकतो. एक मागचा पाय सुई लावताना तुटला, दुसरा अल्कोहोलच्या बाटलीत तळाशी कुठेतरी आहे.