गावच्या पडवीत महिनोन्महिने उभी असलेली गाडी आणि उंदरांचा संसार

गुहागरची_सून

आमचं घर गुहागर तालुक्यात आणि आम्ही सगळे डोंबिवलीला. सासऱ्यांची जुनी हॅचबॅक गावीच पडवीत असते. ते तिकडे राहायचे तेव्हा रोज बाजारात जायची, कधी तक्रार नव्हती. आता ते आमच्याकडे आहेत, त्यामुळे गणपती, शिमगा आणि मे महिना एवढंच गाडीचं चालणं.

यंदा गणपतीला दार उघडलं आणि आतल्या वासाने मुलगा तसाच मागे पळाला. पंखा लावला तर डॅशबोर्डमधून खरखर आणि एसीच्या जाळीतून गोधडीचा कापूस बाहेर. बॉनेटखाली पेंढा, काथ्या, लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरी. वर्कशॉपवाले म्हणतात, पूर्ण हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचा अख्खा जुडगा, बदला. आकडा ऐकून आम्ही गाडी तशीच ठेवून एसटीने परत आलो.

आता सल्ले ऐका. जाऊबाई म्हणतात डांबर गोळ्या टाका. दीर म्हणतात अल्ट्रासोनिक मशीन लाव. शेजारचे काका विषाच्या वड्या द्यायला तयार आहेत. सासरे बोटीवर होते, त्यांचं म्हणणं, बोटीच्या दोराला उंदीर चढू नये म्हणून पत्र्याची तबकडी लावतात, तसंच काहीतरी टायरना करू.

पडवीत एका बाजूला पेंढा आणि नारळ असतात. एक धामणही फिरते, तिला कोणी हात लावत नाही. नक्की काय करावं?

कोथरूडकर

तंबाखू! टपरीवरून सुटी तंबाखू आणायची, मलमलच्या पुरचुंड्या करून बॅटरी आणि फ्यूज बॉक्सजवळ बांधायच्या. माझी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते, एक दिवसाआड ऑफिसला जाते. शेजारच्या दोन गाड्यांना उंदीर लागले, माझ्या गाडीला नाही.

वायरमन_हायवे

कोथरूडकर साहेब, तुमची गाडी एक दिवसाआड तापते आणि हलते, म्हणून उंदीर तिच्यात घर करत नाही. तंबाखू फुकटचा मान खाते.

ताई, मी ऑटो इलेक्ट्रिशियन. गॅरेज चिपळूणच्या अलीकडे, हायवेला. गणपतीचा आठवडा आणि मेची सुरुवात हा आमचा उंदरांचा सीझन. मुंबईकर येतात, चावी फिरवतात आणि गाडी टोचन करून माझ्याकडे. एअर फिल्टरच्या डब्यात मला आंब्याच्या कोयी, सुक्या बोंबलांची डोकी आणि एकदा लहान मुलाचा अख्खा मोजा मिळालाय.

आधी हार्नेसचं. पूर्ण बदलायला होकार देण्याआधी दुसऱ्या माणसाला दाखवा. चार-सहा तारा कुरतडल्या असतील तर त्या सोल्डर करून, वर हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) घालून, सगळं कंडुइटमध्ये, म्हणजे वायरींच्या प्लास्टिक नळीत, बसवलं की वर्षानुवर्षं चालतं. अपवाद दोन. एअरबॅगच्या वायरी (बहुतेक गाड्यांत पिवळ्या असतात) आणि एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरच्या वायरी. तिथे जोडकाम करू देऊ नका, तेवढा भाग नवीनच घाला.

उंदीर वायर भुकेपोटी खात नाही. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडायला लागतंच. नव्या गाड्यांच्या वायरीवर सोयाबीनचं आवरण असतं म्हणून हे होतं, असं व्हॉट्सअॅपवर फिरतं. सोयाचं नावही कोणी घेत नव्हतं त्या काळच्या जीपच्या वायरी मी कुरतडलेल्या पाहिल्यात. गाडीत त्याला हवी असते ती जागा: अंधारी, कोरडी, कोणी न हलवणारी, वर शेजारी खाणं. पावसात शेतातली बिळं भरतात आणि सगळी फौज घराकडे येते. तुमच्या पडवीत पेंढा आहे, नारळ आहेत आणि मधे बंद बॉनेटची गाडी. मी उंदीर असतो तर मीही तिथेच राहिलो असतो.

म्हणून पहिलं काम फुकटचं: पेंढा आणि नारळ दुसरीकडे हलवा आणि बॉनेट उघडं ठेवून जा. दांडी लावून, पूर्ण उघडं. उजेड आणि वारा आला की घरटं होत नाही. फिरून जाईल, लेंडी टाकेल, पण पिल्लं घालायला थांबणार नाही. गाडीवर ताडपत्रीसारखं कव्हर असेल तर ते काढा. छपराखाली त्याचा उपयोग नाही, आत दमट काळोख मात्र होतो.

दुसरं काम जाळीचं. वायपरच्या खाली काळी प्लास्टिकची पट्टी असते, आम्ही काऊल म्हणतो. ब्लोअर तिथून हवा ओढतो आणि तुमचा गोधडीचा कापूसही तिथूनच आत गेलाय. आत केबिन फिल्टर असला तरी तो कागदाचा, उंदराला एका रात्रीचं काम. जुन्या गाडीत तर बहुधा तो नसतोच. काऊल उघडून त्या तोंडावर ६ मिमी भोकाची गॅल्वनाइज्ड वेल्डेड जाळी बसवून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून जातो, त्यामुळे मोठी जाळी नको, आणि नायलॉनची मच्छरजाळी तर मुळीच नको, ती तो हसत कापतो. तशीच जाळी एअर फिल्टरच्या नळीच्या तोंडाला. मागच्या बंपरआड हवा बाहेर जायला रबरी पापण्या असतात, त्या तुटल्यात का बघा. क्लच केबल आणि गिअरच्या दांड्या जिथून आत येतात तिथले ग्रोमेट (भोकात बसवलेल्या रबरी कड्या) वाळून फुटलेले असतात, ते बदला. तोवर स्टीलची घासणी कोंबून चालेल, पण बॅटरी आणि उघड्या वायरीपासून लांब. स्टीलमधून करंट जातो.

गाडी बंद करताना हवेचं बटण आतली हवा फिरवायच्या खुणेवर ठेवा. ती झडप लागली की उंदराच्या वाटेत एक बंद दार वाढलं.

आता सल्ल्यांचं. अल्ट्रासोनिक मशीनचा आवाज इंजिनाच्या पलीकडे जात नाही, चार दिवसांत उंदराला सवय होते, आणि गाडीच्या बॅटरीवर लावलं तर परत येईपर्यंत बॅटरी संपलेली. स्प्रे, कापूर, तंबाखू, सगळ्याचा वास काही दिवसांचा. दर पंधरा दिवसांनी कोणी बदलणार असेल तर करा, पण तो माणूस असेल तर त्याला गाडीच चालू करायला सांगा ना.

विषाच्या वड्यांना माझा साफ नकार. खाल्लेला उंदीर ब्लोअरमध्ये जाऊन मेला की डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि तो वास सीटमधून लवकर निघत नाही. शिवाय तो मरतुकडा उंदीर तुमची धामण, मांजर नाहीतर घुबड खाणार. गोंदाचे पॅडही नकोत, त्यावर आधी धामणच चिकटेल. तसं कुठे दिसलं तर ओढू नका, सर्पमित्राला नाहीतर वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन लावा.

सासऱ्यांना नमस्कार सांगा. तबकडी बोटीला बरोबर, कारण धक्क्यावरून बोटीत यायला दोर हाच मोठा रस्ता. तुमच्या गाडीला खाली चार टायर आणि वर पडवीचे वासे. घरातला काळा उंदीर वाशावरून सरळ टपावर उतरतो. त्यापेक्षा गाडी भिंतीपासून दोन-तीन हात लांब घ्या.

लॅबवाली_मावशी

वाहन हा माझा विषय नाही, पण दोन गोष्टी. डांबर गोळ्या गाडीच्या आत नकोत. नॅफ्थलीनची वाफ बंद गाडीत साठते, आणि ज्या मुलांना जी६पीडीची (रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) जन्मजात कमतरता असते (पुष्कळदा घरच्यांना माहीतही नसतं) त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात.

दुसरं, लेंड्या कोरड्या झाडू नका, व्हॅक्युमही नको. दारं उघडून अर्धा तास हवा खेळू द्या, हातमोजे आणि मास्क घाला, एका भागाला नऊ भाग पाणी घालून ब्लीच शिंपडा, दहा मिनिटं भिजू द्या, मग कागदाने पुसा. सीटच्या कापडाचा रंग जातो, तिथे साधं जंतुनाशक वापरा. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, तापाचा एक आजार) होतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली ती आम्ही लॅबमध्ये पाहिलीय. साफसफाईनंतर ताप आला तर डॉक्टरांना उंदराचं आवर्जून सांगा.

टक्सनकर

बॉनेट उघडं ठेवायच्या सल्ल्याला अॅरिझोनातून पाठिंबा. आमच्या वाळवंटात पॅकरॅट नावाचा उंदीर आहे, तो इंजिनावर चोया निवडुंगाचे काटेरी तुकडे आणून रचतो. वायरी तपासायच्या आधी चिमटा लागतो! इथे बरेच जण रात्री बॉनेट उघडून खाली दिवा लावून ठेवतात. होंडाची मिरचीच्या तिखटाची टेपही मिळते, वायरीवर गुंडाळायची. कायोटीचं (इकडच्या कोल्ह्यासारख्या प्राण्याचं) मूत बाटलीत भरून विकणारेही आहेत. मी अजून तेवढा हताश झालेलो नाही.

गुहागरची_सून

सगळ्यांचे आभार. वायरमन दादा, बॉनेट उघडं ठेवलं तर काकांच्या कोंबड्या आत बसतील त्याचं काय? आणि बॅटरीचं काय करू? काका दर शनिवारी यायला तयार आहेत, पण त्यांना गाडी चालवता येत नाही.

वायरमन_हायवे

कोंबडी बसली तर अंडी काकांची. लेंडीपेक्षा शिट पुसणं सोपं, आणि कोंबडी वायर खात नाही. फार वाटलं तर वरून मोठ्या भोकाची जाळी टाका, उजेड अडता कामा नये.

चालवता येत नसेल तर चावी देऊ नका. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा. शनिवारी काकांनी टॉर्चने बघायचं, बॉनेटवर दोन थापा मारायच्या, हॅन्डब्रेक सोडलेला असेल तर चाकाखालचे दगड काढून गाडी हातभर पुढे ढकलायची आणि दगड परत लावायचे. टायरही एका जागी बसत नाहीत. घरटं सुरू झालं असेल तर पहिल्या आठवड्यातच हाताला येईल, तेव्हा मूठभर पेंढा असतो, पिल्लं नसतात.

शिमग्याला याल तेव्हा बॅटरी जोडायच्या आधी एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, आणि धामण इंजिनावर ऊन खात बसलेली नाही ना तेही. ती बसली असेल तर चहा घ्या, जाईल ती.

गाडीचं मॉडेल आणि साल कळवा. क्लचचे आणि गिअरचे ग्रोमेट आधीच मागवून ठेवतो. जुन्या गाडीचे कधी कधी मुंबईहून येतात.