स्किझोफ्रेनिया असलेल्या मावशीचा विसराळूपणा: नवीन गोळी आधी की जुनी कमी करणं आधी?

मनवा_पुणे: मावशी ६८ वर्षांची, आजार तिशीपासूनचा. आता गॅस चालू राहतो, पैशाचा हिशोब जमत नाही. नव्या डॉक्टरांनी डोनेपेझिल (अल्झायमरमधे स्मरणशक्तीसाठी देतात ती गोळी) सुरू केलं आणि स्किझोफ्रेनियावरच्या रिस्पेरिडोनसोबतची जुनी पॅसिटेन तशीच ठेवली. हे मला अजिबात पटत नाही, कारण डोनेपेझिल मेंदूतलं ॲसिटिलकोलिन (स्मरणशक्तीला लागणारं रसायन) टिकवायला बघतं आणि पॅसिटेन नेमकं त्याचंच काम अडवते, मग उपयोग काय! रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी येणाऱ्या थरथर आणि ताठरपणावरची ही पॅसिटेन आपल्याकडे एकदा चिठ्ठीवर चढली की वर्षानुवर्षं कोणी उतरवत नाही. अमेरिकेतल्या बीअर्स यादीत (वयस्कांना धोक्याच्या औषधांची यादी) ती म्हाताऱ्यांना टाळा असं म्हटलंय.

नागपूरचा_दादा: बोलायला सोप्पंय ताई. आमच्या आईची बंद केली तर हात एवढे थरथरायला लागले की कप धरवेना. ताठरलेलं म्हातारं माणूस पडतं, खुबा मोडतो, मग स्मरणशक्ती घेऊन काय करायचं? डोनेपेझिल देऊन बघितलं तर बिघडलं काय?

मनवा_पुणे: एकदम बंद कर असं कुठे म्हटलं मी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच. आणि स्किझोफ्रेनियातल्या विसराळूपणावर डोनेपेझिलचा ठोस फायदा चाचण्यांत दिसलेला नाही. इक्लेपर्टिन नावाच्या नव्या औषधाकडून केवढी आशा होती, तेही २०२५ मधे मोठ्या चाचण्यांत फेल गेलं. उलट डोनेपेझिलने नाडी मंदावू शकते, चक्कर येते, म्हणजे पडायची भीती तिथेही आहेच ना.

ठाणेकर_भाचा: मला दोघांचंही पटत नाही. डेन्मार्कमधे २०१५ च्या मोठ्या अभ्यासात स्किझोफ्रेनिया असलेल्यांना डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका दुपटीहून जास्त निघाला, डायबेटीस वगैरे धरूनही. मेंदू थकणारच, हे घरच्यांनी मान्य करावं आणि सोबतीला माणूस ठेवावा.

मनवा_पुणे: धोका जास्त आहे म्हणून मावशीला डिमेन्शिया झालाच असं कसं? तिची बी-१२, थायरॉईड कोणी तपासलं नाहीये, ऐकू कमी येतं तेही बघितलं नाही. स्किझोफ्रेनिया आहे म्हटलं की बाकीचं शरीर कोणी बघतच नाही, याचाच राग येतो मला. सगळं तपासून खरंच अल्झायमर निघाला तर द्या डोनेपेझिल, माझी ना नाही.

नागपूरचा_दादा: तपासण्यांचं मान्य. पण रिस्पेरिडोनचा डोस कमी करून थरथर जाते का हे आधी विचार, तेही कमी करताना आजारातले कानात ऐकू येणारे आवाज परत येऊ शकतात हं. आणि पॅसिटेनला हात लावलात तर तिला एकटीला बाथरूमला सोडू नका.