लाल रेघ दिसते, पण मॉडेल चालतंय

डीबीटी (एसक्यूएल क्वेरींमधून डेटाबेसात टेबलं तयार करणारं साधन) वापरताना मॉडेल, म्हणजे क्वेरीची फाइल, नीट रन होतं, टेबलही तयार होतं, तरी व्हीएस कोड या एडिटरमध्ये सगळी फाइल लाल रेघांनी भरलेली, ही तुमची अडचण डीबीटीत नव्याने आलेल्या बहुतेकांना येते. दुहेरी महिरपी कंसातलं 'रेफ' (दुसऱ्या मॉडेलचा उल्लेख) हे एसक्यूएल नाहीच, ते जिंजा, म्हणजे नंतर भरायच्या जागा ठेवणारी टेम्प्लेट भाषा, आहे. डीबीटी आधी तिथे खऱ्या टेबलाचं नाव घालतं आणि मगच क्वेरी डेटाबेसकडे पाठवतं. एडिटर मात्र कच्ची फाइल वाचतो आणि अडखळतो.

काही जण एडिटरचे सगळे इशारे बंद करायला सांगतात, ते मला अजिबात पटत नाही. मी तसं केलं होतं आणि 'ग्रुप बाय'मधून सुटलेला एक कॉलम थेट रन करतानाच कळला. त्यापेक्षा फाइलचा प्रकार 'जिंजा एसक्यूएल' असा नेमून द्या. एसक्यूएलफ्लफ (एसक्यूएलमधल्या चुका तपासणारं साधन) वापरत असाल तर त्याचा डीबीटी टेम्प्लेटर (जिंजा उलगडणारा भाग) वेगळा इन्स्टॉल करावा लागतो, आणि डायलेक्टही (एसक्यूएलची बोली) तुमच्याच डेटाबेसचा हवा. 'क्वालिफाय' (विंडो फंक्शनच्या निकालावरून ओळी गाळणारं कलम) स्नोफ्लेक आणि बिगक्वेरी या डेटाबेसांत चालतं, पण 'अन्सी' (प्रमाणित एसक्यूएलचं) डायलेक्ट लावलात तर तीच ओळ चूक ठरते.

तरीही शंका उरली तर टार्गेट फोल्डरमधली कंपाइल झालेली फाइल उघडा. तिथेही रेघ राहिली तर ती गांभीर्याने घ्या.

एसएसएमएसमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरसाठीचं साधन) नवीन टेबलाखाली रेघ येते तिचं कारण निराळं, टेबलांच्या नावांची साठवलेली जुनी यादी (कॅश). कंट्रोल-शिफ्ट-आर दाबलं की जाते.