कृष्णविवर तारे जन्मू देत नाही म्हणे! खरंच का?

दुर्बिणवाला: दीर्घिकेच्या मध्यात खादाड कृष्णविवर दिसलं रे दिसलं की सगळे एकच टेप लावतात, "हे गॅस बाहेर फेकणार, तारानिर्मिती बंद." मला हे अर्धवट वाटतं. हेनाइझ २-१० बघा, ३ कोटी प्रकाशवर्षांवरची बुटकी दीर्घिका. २०२२ मध्ये हबलच्या निरीक्षणांवरून दाखवलं की कृष्णविवरातून निघालेला आयनाइज्ड (इलेक्ट्रॉन सुटलेल्या, तापलेल्या) गॅसचा प्रवाह शेजारच्या दाट ढगावर आपटतोय आणि तिथेच नवे तारे झालेत. मारणारा कसला, सुईण आहे ती!

गॅससंपला: एका बुटकीवरून सगळ्यांना सर्टिफिकेट देऊ नका राव. मार्केरियन २३१ ही दीर्घिका घ्या, २०१० मध्ये मोजलं तर वर्षाला सुमारे ७०० सूर्यांइतका मॉलिक्युलर गॅस (रेणूंचा थंड गॅस, तारे ज्यातून बनतात तो) बाहेर चाललाय, तारे त्यापेक्षा कमी दराने बनतायत. असंच चाललं तर साठा साधारण १ कोटी वर्षांत साफ. डबाच रिकामा, स्वयंपाक कशाचा करणार?

दुर्बिणवाला: पण तिथे आत्ता तारे धडाधड बनतायत ना? मग "बंद" कुठे झालं? तुम्ही भविष्य सांगताय.

अल्फारेषा: दोघंही थांबा जरा. तारे किती बनतायत हे मोजलं कशावरून ते आधी बोला. बहुतेक वेळा ६५६.३ नॅनोमीटरची हायड्रोजन-अल्फा रेषा, म्हणजे तापलेल्या गॅसची लाल चमक. ती तरुण ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने उजळते तशी कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त गॅसच्या तबकडीमुळेही उजळते, आणि म्हाताऱ्या ताऱ्यांचे उघडे पडलेले गाभेही थोडीफार उजळवतात. म्हणून तर उजेड ताऱ्यांचा की कृष्णविवराचा हे ओळखायला १९८१ पासून बीपीटी आकृती वापरतात, ऑक्सिजन-हायड्रोजन आणि नायट्रोजन-हायड्रोजन रेषांची गुणोत्तरं एकमेकांसमोर मांडायची. पण मधल्या पट्ट्यात खिचडी असते, तिथे कुणाचा उजेड किती हे ठरवताना डोकं पिकतं. ते न करता "तारे वाढले" म्हणणं म्हणजे हॅलोजनच्या उजेडात पणत्या मोजणं.

गॅससंपला: हे मान्य. पण मार्केरियनचा आकडा कार्बन मोनॉक्साइडवरून आलाय, थंड गॅस आहे तो, अल्फाचा संबंधच नाही. उलट आयनाइज्ड भाग फोटोत भारी दिसतो, वजनाला पुष्कळदा किरकोळ.

अल्फारेषा: हो, तो मुद्दा तुमचा. पण वेळेचं काय? हॅनीज व्होर्वर्प आठवा, २००७ मध्ये एका डच शिक्षिकेला सापडलेला हिरवा ढग. शेजारच्या आयसी २४९७ या दीर्घिकेचा क्वेसार (गॅस गिळताना झगझगणारं मधलं कृष्णविवर) गेल्या २ लाख वर्षांत मंदावला, ढग मात्र त्याच्याच जुन्या उजेडात चमकतोय. ताऱ्यांची अल्फा-चमक साधारण १ कोटी वर्षांचा हिशोब दाखवते. इतक्या वेळात कृष्णविवर कितीदा पेटून विझत असेल! मग आज ते चालू दिसतंय म्हणून तारे त्यानेच थांबवले, हे कशावरून?

दुर्बिणवाला: आणि त्याच ढगाच्या एका टोकाला हबलला नवे तारे दिसलेत, बाहेर आलेला गॅस आपटतो तिथेच. हे सांगायचं राहिलं का मुद्दाम? 😄

अल्फारेषा: नाही हो, तुम्हालाच ठेवलं होतं. पण तेवढ्या टोकावरून अख्ख्या दीर्घिकेचा हिशोब लावू नका.