मदत हवी आहे: जुन्या पद्मिनीच्या इंजिनातली उष्णता सोसणारी वायर कशी ओळखायची?

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळचं (इंजिनातला तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांजवळचं) वायरिंग उघडलं आहे. काही वायरी कडक होऊन तडकल्यात, काही अजून रबरासारख्या मऊ आहेत, दोन वायरींवर पांढरट विणलेलं वेष्टन आहे. छापील खूण एकीवरही नाही. कुठली वायर कशाची हे कसं ओळखायचं? मुंबईच्या लोहार चाळीतले वायरवाले 'एफआर' वायर सुचवतात, ती चालेल का? गाडी दादरला उघड्यावर उभी असते.

प्रतिसाद १
आधी विणलेली वायर. ते वेष्टन काचतंतूचं असू शकतं, पण जुन्या वायरींत अ‍ॅस्बेस्टॉसही असायचं आणि नुसतं बघून फरक कळत नाही. कोरडं खरवडू नका. ओलं करून अख्खी वायर काढा, पिशवीत बंद करा.

बाकीच्या वायरींचा छोटा तुकडा कापून घ्या. सोल्डरिंग आयर्न ३०० अंशांवर ठेवून दोन-तीन सेकंद टेकवा. पीव्हीसी लगेच वितळतं, टोक आत रुततं. क्रॉसलिंक पॉलिथिन (उष्णता जास्त सोसणारं प्लास्टिक) मऊ पडतं पण ओघळत नाही. सिलिकॉन जसंच्या तसं राहतं, मात्र एकदा चीर पडली की सहज फाटतं. टेफ्लॉनलाही काही होत नाही, ते कडक आणि गुळगुळीत असतं. त्याला ज्योत दाखवू नका, धूर विषारी असतो.

तडकलेल्या बहुतेक पीव्हीसीच्याच निघतील. उष्णतेने प्लास्टिसायझर (पीव्हीसी मऊ ठेवणारा पदार्थ) निघून गेला की पीव्हीसी ठिसूळ होतं.

प्रतिसाद २
एफआर नकोच. एफआर म्हणजे आग पसरू न देणारी, उष्णता सोसणारी नव्हे. घरगुती पीव्हीसी एफआर वायर ७० अंशांपर्यंतची असते. गाडीसाठीची 'एफएलआरवाय' मागा, १०५ अंश, किंवा त्याहून बरी 'एफएलआर२एक्स', १२५ अंश. मॅनिफोल्डच्या अगदी लगत सिलिकॉन वायर, १८० अंश, आणि वर काचतंतूची स्लीव्ह. सिलिकॉन घासलं की टिकत नाही.

इथल्या दमट हवेत तडकलेल्या इन्सुलेशनखाली तांबं काळं पडतं. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे सोला. काळेपणा आत शिरत गेला असेल तर जोड न देता पूर्ण वायर बदला.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. जाडी किती घ्यावी?

प्रतिसाद २
तापमान सेंडरला (इंजिनचं तापमान काट्याला कळवणाऱ्या भागाला) ०.७५ चौ.मिमी पुरे, करंट नगण्य असतो. इग्निशन कॉइलला (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाला) १.५. टोकांना क्रिम्पच करा, म्हणजे टर्मिनल दाबून बसवा. सोल्डर तारेत चढून ती कडक करतो आणि इंजिनच्या थरथरीने ती नेमकी तिथेच तुटते.