दुसऱ्या ग्रेडची मूळव्याध: बँडिंग करावे की लेझर?

सांजवेळ (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ५२ वर्षे आहे. गेल्या आठ महिन्यांपासून शौचाच्या वेळी मला अधूनमधून रक्त जाते. ते लालभडक असते, शौच होऊन गेल्यावर थेंब थेंब पडते आणि दुखत मात्र अजिबात नाही. कुंथल्यावर एक मऊ कोंब बाहेर आलेला हाताला लागतो आणि उठून उभे राहिले की तो आपोआप आत जातो. लाजेपोटी इतके दिवस मी हे घरातही कोणाला सांगितले नव्हते. अखेर मागच्या आठवड्यात तपासून घेतले, तेव्हा दुसऱ्या ग्रेडची अंतर्गत मूळव्याध असल्याचे निदान झाले. एका डॉक्टरांनी रबर बँड लावण्याचा सल्ला दिला आणि दुसऱ्यांनी लेझर करून घ्या असे सांगितले. मूळव्याधीत नेमके बिघडते काय, कोंब कापून न काढता तो बरा कसा होतो आणि या दोन उपायांतला एक निवडायचा तर तो कशाच्या आधारे, हे मला समजून घ्यायचे आहे. हृदयात स्टेंट बसवल्यापासून मी रोज ॲस्पिरिन घेतो, हेही सांगून ठेवतो.

अबोली

माझे दोन वर्षांपूर्वी बँडिंग झाले. भूल दिली नव्हती. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायला सांगितले, आत नळी घातली, एक खटका ऐकू आला आणि सारे काही मिनिटांत आटोपले. टोचल्यासारखे दुखले नाही, पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सारखी शौचाला लागल्याची भावना होत राहिली. आत खरोखर काही नसते, ती बँडमुळे वाटणारी भावना असते, म्हणून तेव्हा कुंथत बसू नका, असे मला आधीच बजावले होते आणि त्याचा फार उपयोग झाला. आठव्या दिवशी शौचाच्या वेळी थोडे रक्त दिसले आणि मी घाबरले, पण सुकलेला कोंब गळून पडताना एवढे होऊ शकते असे डॉक्टरांनी समजावले. सहा आठवड्यांनी दुसऱ्या कोंबाला बँड लावला. त्यानंतर आजवर रक्त गेलेले नाही.

शल्यवैद्य

मी शल्यचिकित्सक आहे आणि गुदविकारांचे रुग्ण रोज तपासतो. आपल्याला प्रत्यक्ष तपासलेले नसल्यामुळे हा सल्ला सर्वसाधारण स्वरूपाचा समजावा.

मूळव्याधीचे मोड शरीरात नव्याने उगवतात, हा समज बरोबर नाही. गुदमार्गाच्या अस्तराखाली रक्तवाहिन्या, स्नायूंचे तंतू आणि संयोजी ऊती यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाला जन्मतःच असतात. त्या बहुधा तीन असतात, एक डाव्या बाजूला आणि दोन उजव्या बाजूला, पुढे व मागे. गुदद्वार घट्ट मिटलेले राहावे यासाठी त्यांची गरज असते आणि आपण स्वस्थ असताना तिथे जो दाब असतो त्यातला सुमारे १५ ते २० टक्के वाटा त्यांचा असतो. वर्षानुवर्षे कुंथल्याने, शौचालयात तासन्‌तास बसल्याने किंवा गरोदरपणातल्या दाबाने या गाद्यांना जागेवर धरून ठेवणारे तंतू सैल पडतात. मग गाद्या खाली घसरतात, फुगतात आणि त्यांवरचे नाजूक अस्तर कठीण मलाने खरचटते. तिथे धमन्यांतून थेट रक्त येत असल्यामुळे ते लालभडक दिसते. न दुखण्याचे कारणही रचनेतच आहे. गुदमार्गात दंतुर रेषा नावाची एक सीमा असते आणि तिच्या वरच्या अस्तराला कापल्या-टोचल्याची वेदना कळत नाही. म्हणून शौचाच्या वेळी काच फिरल्यासारखे दुखत असेल, तर मूळव्याधीपेक्षा फिशर म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेली चीर असण्याची शक्यता अधिक असते. गुदद्वाराशी अचानक निळसर, ठणकणारी गाठ आली, तर ती बहुधा बाह्य मूळव्याधीत गोठलेले रक्त असते.

ग्रेड कोंब किती घसरतो यावरून ठरते. पहिल्या ग्रेडमध्ये रक्त जाते पण कोंब बाहेर येत नाही, दुसऱ्यात तो बाहेर येऊन आपोआप आत जातो, तिसऱ्यात बोटाने आत ढकलावा लागतो आणि चौथ्यात तो आत जातच नाही. आपले वर्णन दुसऱ्या ग्रेडशी जुळते.

कोणताही उपाय केला तरी पाया एकच आहे. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा पोटात जावा, तो कमी पडत असेल तर इसबगोलासारखा पूरक चोथा घ्यावा, त्यासोबत पुरेसे पाणी प्यावे आणि शौचाला मोबाइल घेऊन बसणे सोडावे. अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर नियमित चोथ्याने रक्तस्राव साधारण निम्म्याने कमी होतो असे दिसले आहे, मात्र परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. स्टेरॉइड असलेली मलमे आठवडाभराहून अधिक काळ स्वतःच्या मनाने लावू नयेत, कारण त्यांनी तिथली त्वचा पातळ होते.

आता बँडिंगविषयी. दंतुर रेषेच्या वर, जिथे वेदना कळत नाही, तिथे गादीच्या बुडाशी घट्ट रबर कडे बसवतात. रक्तपुरवठा तुटल्याने तेवढा भाग सुकून ५ ते १० दिवसांत गळतो आणि मागे राहिलेल्या वणामुळे वरची सैल ऊती आतल्या भिंतीशी घट्ट चिकटते. कोंब न कापता आत बसतो तो असा. पहिल्या ते तिसऱ्या ग्रेडपर्यंत हा उपाय चालतो. बँड लावताच तीव्र वेदना झाली तर तो फार खाली बसला आहे असे समजावे आणि तो लगेच काढून घ्यावा. नंतर ताप येणे, वेदना वाढत जाणे आणि लघवी न होणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण हा संसर्ग अत्यंत विरळ असला तरी जिवावर बेतू शकतो.

लेझरमध्ये गादीच्या आत बारीक तंतू सरकवून उष्णतेने ती आकसवतात. त्यासाठी भूल लागते. कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा वेदना कमी असतात, हा खरा फायदा आहे, पण दीर्घकाळात त्रास उलटण्याचे प्रमाण त्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक आढळते. लेझरने मूळव्याध मुळासकट कायमची जाते, असे कोणी सांगत असेल तर तो दावा मी मान्य करणार नाही. डॉप्लरच्या म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह ओळखणाऱ्या उपकरणाच्या साहाय्याने धमन्या शोधून टाक्याने बांधण्याची पद्धत १९९५ पासून आहे. तिची आणि बँडिंगची तुलना करणारी ब्रिटनमधील चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरात त्रास उलटण्याचे प्रमाण बँडिंगमध्ये ४९ टक्के, तर धमनी बांधण्यात ३० टक्के होते. मात्र गरजेनुसार पुन्हा बँड लावण्याची मुभा धरली की हा फरक बराच कमी होतो, आणि बँडिंगनंतरच्या वेदना मुळातच कमी होत्या. म्हणून दुसऱ्या ग्रेडसाठी आहारातील बदल आणि त्यासोबत बँडिंग, लागल्यास दोन-तीन बैठकांत, ही माझी पहिली पसंती असते. बाह्य भागही मोठा असलेल्या तिसऱ्या आणि चौथ्या ग्रेडला कापून काढण्याची शस्त्रक्रिया आजही सर्वांत टिकाऊ आहे.

पाणवठा

माझे म्हणणे उपायाविषयी नाही. माझ्या थोरल्या भावालाही असेच न दुखता रक्त जात असे आणि त्याला मूळव्याध होतीच, त्यामुळे वर्षभर त्याने मलम लावून दिवस काढले. पुढे थकवा वाढला, हिमोग्लोबिन उतरले, तेव्हा कोलोनोस्कोपी झाली आणि मोठ्या आतड्यात गाठ सापडली. मूळव्याध होती म्हणून आणखी काही असेल असे आम्हा कोणाच्याही मनात आले नाही. आपले वय ५२ आहे. बँड की लेझर हे ठरवण्याआधी आतडे तपासून घ्या, ही मनापासून विनंती आहे.

शल्यवैद्य

पाणवठा यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि हे मी आधीच लिहायला हवे होते. वयाची ४५ वर्षे ओलांडल्यावर रक्त जात असेल, शौचाची सवय बदलली असेल, वजन घटत असेल, रक्तक्षय असेल किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर मूळव्याध डोळ्यांना दिसत असली तरी रक्ताचे खापर तिच्यावर फोडून थांबू नये.

सांजवेळ

सर्वांचा मनापासून आभारी आहे. कोलोनोस्कोपीची वेळ घेतली असून ती झाल्यावर बँडिंगचा विचार करीन. त्याआधी ॲस्पिरिन बंद करावी का?

शल्यवैद्य

स्वतःहून एक दिवसही बंद करू नये, कारण स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका मूळव्याधीच्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी गंभीर आहे. आपले हृदयरोगतज्ज्ञ आणि बँड लावणारे डॉक्टर यांनी मिळून हा निर्णय घ्यावा. क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारे दुसरे एखादे औषध सोबत चालू असेल, तर तेही आवर्जून सांगावे. अशा रुग्णांत बँडऐवजी गादीत औषध टोचून ती आकसवण्याचा पर्यायही असतो. बँड लावलाच, तर पुढचे दोन आठवडे लांबचा प्रवास ठेवू नका, कारण कोंब गळताना क्वचित जोराचा रक्तस्राव होतो आणि तेव्हा रुग्णालय जवळ असावे लागते.